राशीआधीचं माप

पुणे, ता. ९ जानेवारी १९३८

ताई,

खुशाली नेहमी पहिल्या ओळीत लिहितो. आज लिहीत नाही, कारण ती नाही. आधी कामाचं बोलतो, रागावू नकोस.

काल प्रोफेसरसाहेबांनी बोलावून घेतलं. माझ्या प्रबंधाची दोन प्रकरणं त्यांच्या टेबलावर उघडी पडली होती. चिखली तालुक्यात एकरी ज्वारी किती पिकते आणि तिच्यातली शेतकऱ्याच्या घरात किती राहते, हा माझा विषय तुला ठाऊक आहे. पीएच.डी.चा सगळा डोलारा दोन आकड्यांवर उभा आहे. एक आकडा माझा. गेल्या सालापर्यंत दोन वर्षं कापणीच्या वेळी उंद्रीला येऊन मी दहा शेतांत तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद असा तुकडा दोरीनं आखला, तेवढाच कापला, वेगळा मळला आणि मोजला. दुसरा आकडा तुझा. त्याच दहा शेतांचं बाकीचं पीक खळ्यावर आलं, मळणी झाली, की तू ते पायलीनं मोजताना पाहून वहीत लिहिलंस. दोन्ही आकडे जुळायला हवेत. ते जुळत नाहीत. माझ्या तुकड्यांवरून जिथं सहा पायल्या व्हाव्यात, तिथं तुझ्या वहीत पाच आहेत. एखाद्या शेतात असतं तर मी गप्प बसलो असतो. दहाच्या दहा शेतांत तेच, आणि दोन्ही वर्षं तेच.

साहेब म्हणाले, "उंदीर, पाखरं, सांडलवंड धरली तरी विसावा हिस्सा जाईल. सहावा जात नाही. एक तर तुम्ही तुकडे चांगल्या पिकाचे निवडलेत, नाही तर ही वही कुणीतरी घरी बसून लिहिली आहे." शांतपणे म्हणाले, म्हणून जास्त लागलं. २८ मार्चला मला समितीपुढं उभं राहायचं आहे. फरक का पडतो हे तोवर सांगता आलं नाही, तर प्रबंध रद्द आणि शिष्यवृत्ती बंद. चार वर्षं पाण्यात.

म्हणून सरळ विचारतो. दहाही खळ्यांवर तू स्वतः बसलीस ना? की कुणी सांगितलं आणि तू लिहिलंस? सारा वाढेल या धास्तीनं कुणी धान्य लपवलं का? बाबांनी 'कमीच लिही' असं सांगितलं का? जे असेल ते लिही. मी रागावणार नाही, पण मला खरं कळलं पाहिजे.

शालिग्राम

&nbsp;

उंद्री, ता. १९ जानेवारी १९३८

शालिग्राम,

तुझं पत्र बाबांनी अमडापूरच्या बाजारातून येताना आणलं. मी वाचलं आणि त्यांना 'खुशाल आहे' एवढंच सांगितलं. म्हातारपणी माणसाला कशाला त्रास द्या.

तू रागावणार नाहीस म्हणतोस. फार उपकार झाले. मी मात्र रागावले आहे, ते आधी ऐकून घे. कपाळ पांढरं करून मी माहेरी परत आले तेव्हा सगळ्यांनी मला चूल दाखवली. चुलीपलीकडचं काम मला कुणी दिलं असेल तर ते तू, ही वही देऊन. ती मी घरी बसून लिहीन? दोन हंगाम मी त्या धुळीत बसले. शेषरावकाका येता-जाता म्हणत, "अर्जुनरावची पोरगी खळ्यावर बसून काय मोजून राह्यली बे? पुण्याले आपलं पोट दाखवते का?" ते ऐकून घेतलं. कडूबा सुतारानं मला वही ठेवायला पाट करून दिला. म्हणाला, "बाई, सायबाची वही धुळीत कायले ठेवता?" परक्या माणसाला वहीची किंमत कळली, आणि सख्खा भाऊ आळ घेतो.

कसं मोजते तेही सांगते, तुझ्या साहेबांना वाचून दाखव. मळणीच्या बैलांची पात सुटते. वारा पडायच्या आत उपणून होतं. सगळ्यांचं घेऊन होतं. मग उरलेल्याची रास लावतात, हळदकुंकू वाहतात, नारळ फुटतो आणि पायली हातात घेतात. पहिल्या पायलीला 'लाभ' म्हणतात, मग दोन, मग तीन. दर पायलीला मी एक रेघ ओढते. रेघा खोट्या असतील तर पायली खोटी, आणि पायली खोटी असेल तर तुझ्या जन्माआधीपासून ती खोटी आहे.

खोट असलीच तर तुझ्या दोरीत बघ. बांधाकडचं मरतुकडं सोडून मधली टपोरी कणसं पाहिली असशील आणि तिथंच खुंटी ठोकली असशील. आपला तो बाब्या.

ताई

&nbsp;

पुणे, ता. २७ जानेवारी १९३८

ताई,

चुकलो. पाय धरतो. ते पत्र मी घाबरून लिहिलं होतं. दोरी कुठं टाकायची हे मी चिठ्ठ्या उचलून ठरवलं होतं, पण तू म्हणालीस ते मला झोंबलं आणि झोंबलं ते बरंच झालं.

आता माझं एक ऐक. तू लिहिलं आहेस, 'सगळ्यांचं घेऊन होतं, मग उरलेल्याची रास लावतात.' हे वाक्य तू जाता जाता लिहून गेलीस आणि मी तीन दिवस त्याच्यापाशी बसून आहे. सगळ्यांचं म्हणजे कुणाकुणाचं? किती? रास लावायच्या आधी खळ्यावरून जे जातं ते तू मोजतच नाहीस, हो ना?

मला हे ठाऊक असायला हवं होतं. पण दहाव्या वर्षी मी खामगावला शाळेत गेलो. खळी लागायची तेव्हा मी तिथं पाढे म्हणत असायचो, आणि तुकडे कापून झाले की पुण्याची गाडी धरायला नांदुऱ्याला पळायचो. चार वर्षं शेतीवर प्रबंध लिहितो आहे आणि धान्याची रास लागताना मी एकदाही पाहिलेली नाही. हे इथं कुणाला सांगू नकोस म्हणायची सोय नाही, कारण इथं कुणी तुला ओळखत नाही.

फरक तिथंच आहे. मला खात्री आहे. या वर्षीची काही खळी अजून व्हायची असतील. त्यांवर बस आणि राशीआधी जे जे जाईल ते मोज. कोणाला, किती पायल्या, एवढंच. चार खळी मिळाली तरी मी समितीपुढं उभा राहू शकतो. दोन महिने राहिले आहेत.

शालिग्राम

&nbsp;

उंद्री, ता. ६ फेब्रुवारी १९३८

शालिग्राम,

आपलं आणि शेषरावकाकांचं धरून पाच खळी राहिली आहेत. पण तू म्हणतोस ते मी करणार नाही.

तुला ठाऊक नाही म्हणून सांगते. उपणून झालं की सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव असे येतात. वर्षभर त्यांनी गावाचं केलेलं असतं. आणखी सोजराबाईसारखी म्हातारी माणसंही येतात, ज्यांचं आता कुणाकडं काही काम नाही. खळ्याचा धनी ढिगात सूप घालतो, मान दुसरीकडं वळवतो आणि समोरच्या फडक्यात ओततो. सुपाकडं पाहायचं नसतं. सूप भरलं होतं की अर्धं होतं, दोन झाली की चार झाली, हे देणाऱ्यानं पाहायचं नाही आणि घेणाऱ्यानंही नाही. तो गाठ मारतो आणि जातो. माय सांगायची, दिलेल्यावर डोळा ठेवला की खळं आटतं. म्हणून त्या वेळी मी वही मिटून ठेवते. तुला ते लिहिलं नाही कारण ते आपलं धान्यच नव्हे. आपलं राशीपासून पुढं.

तरी तुझ्यासाठी बाबांना विचारून पाहिलं. त्यांनी सुपारी कातरायला घेतली. मग म्हणाले, "मोजून देल्लं का थे देणं राहत नाही, मजुरी होते. अन् मजुरी म्हटली का उद्या जास्त झाली म्हणता येते. त्याले म्हणा, दुसरं काही बी माग."

बाबांनी तुला आजवर नाही म्हटलेलं मला आठवत नाही. तेव्हा समजून घे.

ताई

&nbsp;

पुणे, ता. १३ फेब्रुवारी १९३८

ताई,

समजून घेतलं, पण पटलं नाही.

बाबा म्हणतात तेच मी उलटून म्हणतो. मोजलं की मजुरी होते. मग होऊ दे ना मजुरी. वर्षभर तिफणी दुरुस्त करायच्या आणि शेवटी दुसऱ्याच्या खळ्यावर फडकं पसरून उभं राहायचं, सुपात किती येईल ते धन्याच्या मनावर. यात त्या माणसाचा मान कुठं आहे? आकडा कागदावर आला तर तो त्याचा हक्क होईल. मी कडूबाच्या विरुद्ध काही करत नाही, त्याच्याच बाजूनं करतो आहे. आणि मान वळवण्याला कुणी पदवी देत नाही, ताई. आकड्याला देतात.

इथं माझ्या बोलण्यावर मुलं अजून हसतात. परवा खानावळीत 'मले' म्हणालो तर टेबलावरचे चौघं थांबले. हा प्रबंध पडला तर ते म्हणतील, वऱ्हाडातून आला होता, आकडे बनवून घेऊन आला होता. मग मी कुठल्या तोंडानं परत येऊ?

आता जे लिहितो ते लिहू नये, पण लिहितो. तू चौथीत पहिली आलीस आणि तुला शाळेतून काढलं. मी कसाबसा पास झालो आणि मला खामगावला पाठवलं. तुझ्या वाट्याचं शिक्षण मी घेतलं आहे. ते तू स्वतःच्या हातानं बुडवणार असशील तर बुडव.

तुझ्यावर विसंबून राहायला आता वेळ नाही. शेषरावकाकांना आजच पत्र टाकलं आहे. गावातलं सगळ्यात मोठं खळं त्यांचं, आणि त्यांना असल्या जुन्या गोष्टींचं भय नाही.

शालिग्राम

&nbsp;

उंद्री, ता. १ मार्च १९३८

शालिग्राम,

तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळी वाचून मी दिवसभर जेवले नाही. माझ्या वाट्याच्या शिक्षणाचा हिशेब मी कधी मागितला नव्हता. तो तू काढलास. ठीक आहे.

पण शेषरावकाकांना लिहायला नको होतं. काय झालं ते ऐक.

परवा त्यांचं खळं उपणून झालं. आधीच त्यांनी चिखलीहून एक कारकून बोलावला होता. ढिगाजवळ टेबल, टेबलावर वही. माणसं नेहमीसारखी फडकी घेऊन आली आणि टेबल पाहून लांबच उभी राहिली. काकांनी सूप बाजूला ठेवलं, पायली घेतली आणि म्हणाले, "शालिग्रामचं पत्र हाय. मोठ्या परीक्षेसाठी पाह्यजे. कोणी मनावर घेऊ नका, जसं देतो तसंच देतो, फक्त मोजून." सुपात येईल तेवढं ते आधी पायलीत भरत, कारकून मोठ्यानं आकडा म्हणे, मग फडक्यात. मान वळवायची राहून गेली, कारण पायलीकडं पाहावंच लागतं.

सगळं झाल्यावर रास मोजली. रास सहाशे बारा पायल्या. त्याआधी गेल्या एकशे अठरा. कारकुनानं बेरीज वाचली. काकांनी त्याला पुन्हा बेरीज करायला लावली. पुन्हा तीच आली. तेव्हा म्हणाले, "एवढं जाते आपलं? अन् आपल्याले ठावंच नाही बे."

दुसऱ्या दिवशी चावडीवर त्यांनी सांगून टाकलं, पुढच्या सालापासून दर माणसी दोन पायल्या, सपाट, आणि जो काम करतो त्यालाच. शेजारी बसलेल्यांनी माना डोलावल्या. त्यांनी स्वतःचं मोजलंही नव्हतं. एकाचं मोजलं आणि सगळ्यांना आपापलं कमी वाटायला लागलं.

कडूबा तिथंच उभा होता. त्यानं आदल्या दिवशी नेलेलं गाठोडं घरून परत आणलं आणि काकांपुढं ठेवलं. म्हणाला, "पाटील, आतापावतर मले वाटे, मी नेतो थे माह्यं हाय. आज समजलं, थे तुमचं होतं." आवाज चढवला नाही. काका म्हणाले, "अबे, तुले कोणी कमी देल्लं का?" तो म्हणाला, "नाही. पुरं देल्लं. मोजून देल्लं." आणि गेला.

आता माझी गोष्ट. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात आपलं खळं झालं. बाबा सूप भरत होते, मान वळवत होते, आणि मी पदराखाली चिंचोके घेऊन बसले होते. एका सुपाला एक चिंचोका उजव्या हातातून डाव्या हातात. उरलेल्या तीन खळ्यांवरही तेच केलं. कुणालाही कळलं नाही, बाबांनाही नाही. सुपात किती मावतं ते घरी येऊन पायलीनं मोजून पाहिलं. चार खळ्यांचा आकडा माझ्याजवळ आहे. मी केलं हे, तुझ्या त्या ओळींसाठी केलं. शेषरावकाकांच्या खळ्यावर जे पाहिलं त्यानंतर तो पाठवायला हात धजत नाही.

ताई

&nbsp;

पुणे, ता. ९ मार्च १९३८

ताई,

कडूबाचं वाचून मी खोलीच्या बाहेर जाऊन बसलो होतो. दिलगीर आहे एवढंच लिहितो.

पण शेषरावकाकांचे आकडे तुझ्या पत्राआधीच आले होते आणि मी ते साहेबांना दाखवले होते. ते खुर्चीतून उठले. म्हणाले, हाच तुमचा प्रबंध आहे, बाकी सगळं मागं टाका. एकरी पीक आणि घरात येणारं पीक यांमध्ये सहावा हिस्सा कुठं जातो हे आजवर कुणी मोजलेलं नाही. त्यांनी लगेच तक्ता आखून दिला. त्यात एक रकाना आहे, 'राशीपूर्व घट'. त्याखाली उंदीर, पाखरं, सांडलवंड, आणि चौथ्या ओळीत बलुतं. मी म्हटलं, साहेब, ही घट नव्हे. ते म्हणाले, "शेतकऱ्याच्या घरात येत नाही ना? मग तक्त्यात घटच." मी पुढं बोललो नाही. बोलायला हवं होतं.

एका खळ्यावर समिती मानणार नाही. पाच झाली तर मानेल. तुझी चार, त्यांचं एक. ताई, काकांनी जे करायचं ते केलंच आहे. तुझा आकडा इथं आला म्हणून तिथं आणखी काही बिघडणार नाही. नाही आला तर मात्र माझं सगळं गेलं, आणि बिघडलं ते बिघडलंच.

नावं कुणाचीच येणार नाहीत. १९ दिवस राहिले आहेत.

शालिग्राम

&nbsp;

उंद्री, ता. १७ मार्च १९३८

शालिग्राम,

आकडे सोबत पाठवते. दोन पानं आहेत. पहिल्यावर तू मागितलंस ते आहे. चारही खळ्यांवर सहावा हिस्साच भरतो, थोडा कमी-जास्त. तेव्हा तुझी दोरीही खरी आणि माझ्या रेघाही खऱ्या. मला एवढं तरी समाधान.

दुसरं पान तू मागितलं नव्हतंस. तू सांगितलंस, काय गेलं ते मोज. मी म्हटलं, मोजायचंच तर काय आलं तेही मोजू. दहा दिवस घरोघर फिरून विचारलं. आपल्या एका घरात कडूबानं वर्षभरात काय केलं ते लिहिलं आहे: तिफण सहा वेळा, वखर अकरा वेळा, गाडीचं जू नवं, खाटेचे दोन पाय, माझा पाट. माय गेली तेव्हा तिरडीचे बांबूही त्यानंच आणले होते, पण ते मागच्या सालातलं, म्हणून खाली वेगळं लिहिलं आहे. लोहाराचं, कुंभाराचं असंच. तुझ्या साहेबांच्या तक्त्यात हे पान बलुत्याच्या ओळीसमोर लावून दे. मग घट म्हणायची त्यांची हिंमत होते का बघू.

सोजराबाईच्या नावासमोर मात्र मला काही लिहिता आलं नाही. ती कुणाचंच काही करत नाही, तिचे हात कापतात. पूर्वी गावातली बाळंतपणं करायची. तुझंही तिनंच केलं. पायाळू होतास म्हणे, माय आणि तू दोघंही जाणार होतात. ते कोणत्या सालात धरायचं, हे तुझ्या शास्त्रात कुठं असेल तर मला कळव. मी ती जागा कोरी ठेवली आहे.

कडूबा चाललाय. नांदुऱ्याला कापसाच्या जिनात सुतारकाम निघालं आहे, पगारावर. त्याची बायको तानुबाई काल निरोप घ्यायला आली. तिला म्हटलं, थांबा, बाबा बोलतील सगळ्यांशी. ती म्हणाली, "बाई, माह्या माणसाचं पोट नाही दुखलं, मन दुखलं. त्याले कोणतं औषध?" गाडीत सामान किती थोडं होतं. मी त्यांना पायलीभर ज्वारी द्यायला गेले आणि दारातच थांबले, कारण पायली म्हणजे मोजलेलं झालं असतं. मग ओंजळींनी दिली.

तू जिंकशील. दुसरं पान विसरू नकोस.

ताई

&nbsp;

पुणे, ता. ३० मार्च १९३८

ताई,

समितीनं मान्य केलं. बाहेरचे परीक्षक म्हणाले की आकडे विलक्षण आहेत. माझ्यावर आता कुणाचा संशय नाही. हे तुझ्यामुळं झालं.

तुझं दुसरं पान मी जोडलं नाही. हे लपवलं असतं तरी तुला कळलं नसतं, म्हणून सांगतो. साहेब म्हणाले की पान चांगलं आहे पण त्या कामाला माप नाही, आणि माप नसलेलं लावलं तर परीक्षक पहिल्या पानावरही विश्वास ठेवणार नाहीत. मी आठवडाभर झगडलो असं लिहिणार होतो. झगडलो नाही. एक दिवस विचार केला आणि पान खणात ठेवलं. पुढं प्रबंधाचं पुस्तक होईल, त्यात नक्की घालू.

बाबांना सांग. तूच सांग, मला लिहायला जमणार नाही.

शालिग्राम

&nbsp;

पुणे, ता. २० नोव्हेंबर १९३८

ताई,

मी तीन पत्रं पाठवली आणि तुझं एकही आलं नाही. बाबांच्या नावानं मनिऑर्डर केली तिची पावती तेवढी आली, तिच्यावर त्यांचा अंगठा होता, तुझं अक्षर नव्हतं.

पदवी मिळाली. आता नावाआधी डॉक्टर लावतात. खानावळीतली मुलं हसत नाहीत.

पुस्तक छापायचं ठरतं आहे. प्रकाशक म्हणतात, तिसऱ्या वर्षाचे आकडे मिळाले तर काम पक्कं होईल. मला इथून निघता येत नाही. दोरी आणि खुंट्या घरीच आहेत. चिठ्ठ्या उचलून तूच तुकडे काप, आणि खळ्यावर दोन्ही मापं घे, राशीआधीचं आणि नंतरचं. आता चिंचोके लपवावे लागणार नाहीत. दुसरं पानही या खेपेला घालीन, शब्द देतो.

रागावली आहेस ते कळतं. पण लिही.

शालिग्राम

&nbsp;

उंद्री, ता. २२ जानेवारी १९३९

शालिग्राम,

रागावले म्हणून लिहिलं नाही असं नाही. काय लिहायचं ते कळत नव्हतं. मी तुला पदराखालून मोजून दिलं, आणि तेही खळ्यावर, बाबांच्या पाठीमागं. तुझ्यावर रागवायचं तर आधी स्वतःवर रागवावं लागतं. पदवीचं ऐकून बरं वाटलं, हे मात्र मनापासून लिहिते. गावात पेढे वाटले. बाबा स्वतः घरोघर गेले.

तू सांगितलंस तसे दहाही शेतांत तुकडे कापले. दोरी मी धरली. नंतर दहाही खळ्यांवर बसले. सगळे आकडे सोबत आहेत. या वर्षी तुझं माप आणि माझं माप जुळतं. विसाव्या हिश्शाचा फरक येतो, तेवढा तुम्ही धरताच. राशीआधीचा रकाना तू सांगितलास म्हणून आखला आहे. त्यात लिहायला फार काही नाही. लोहार आणि न्हावी दोन-दोन सपाट पायल्या घेऊन जातात आणि तिथल्या तिथं मोजून पाहतात. कुंभार आला नाही, तो मडकी बाजारात विकतो. कडूबा गेल्यापासून जवळचा सुतार म्हणजे अमडापूरचा. पेरणीच्या तोंडावर तिफणीची दांडी मोडली आणि त्याला यायला आठ दिवस लागले, तोवर वापसा गेला, जमिनीतली ओल उडाली. वरचं रान पडीक राहिलं, म्हणून तुझ्या तक्त्यात या वर्षी आपलं एक शेत वेगळं आहे.

दुसरं पान पाठवत नाही. विचारत फिरले होते. आता सगळे कामाचा भाव सांगतात. तुझ्या साहेबांना हवं होतं ते माप आता आहे, ते कुणीही देईल.

आपल्या खळ्याचं सांगते आणि थांबते. उपणून झालं आणि सोजराबाई फडकं घेऊन आली. इतर कुठं ती या वर्षी गेलीच नाही. बाबांनी तिला पाहिलं आणि पायली मागं सारून सूप उचललं. मला फार बरं वाटलं. त्यांनी ढिगात सूप घातलं, मान वळवली, थेट तिकडं बांधाच्या बाजूला, आणि ओतायला लागले. ओतता ओतता त्यांचे ओठ हलत होते. म्हातारीनं गाठ मारली, तोंडभरून बोलली आणि गेली.

मी विचारलं, "बाबा, किती गेलं?"

ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "सव्वा पायली."

बरोबर होतं. मीही मोजत होते.

ताई